वाचकांचे प्रश्न : पोलंडचे पारतंत्र्य आणि पोलिशांचे आपसांतले वाद

मागील अंकात पोलंडच्या तीन फाळण्यांवर लेख प्रसिद्ध झाला होता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ साली पोलंड-लिथुआनियाचे संयुक्त राज्य आपसांत वाटून घेतले, दुसऱ्या फाळणीत ऑस्ट्रियाचा सहभाग नव्हता, आणि त्यानंतर १९१८पर्यंत पोलंड स्वतंत्र राज्य म्हणून अस्तित्वात नव्हता, असा त्या लेखाचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : या पारतंत्र्याचा दोष कोणाचा, आणि स्वतःच्या देशाचा दोष मान्य केला तर राष्ट्राभिमानाला बाधा येते का. त्यांतील काही प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

प्रश्न : पोलंड शेजाऱ्यांनी गिळला असे एका ठिकाणी वाचले, तर तेथील उमरावांच्या बेबंदशाहीमुळे तो बुडाला असे दुसऱ्या ठिकाणी. यांपैकी खरे काय मानावे?

उत्तर : आपल्याला दिसलेली ही विसंगती खुद्द पोलिश इतिहासकारांमध्येच सुमारे दीडशे वर्षांपासून आहे. क्राकुफच्या विद्यापीठातील प्राध्यापक मिखाउ बोब्झिन्स्की यांनी १८७९ साली आपल्या देशाचा इतिहास प्रसिद्ध केला आणि राज्य बुडाल्याचा मुख्य दोष पोलिशांच्याच माथी मारला. लोभी शेजारी इतर देशांनाही होते, तरी ते सगळे देश नाहीसे झाले नाहीत. पोलंड नाहीसा झाला, कारण तेथे राज्यसंस्थाच दुबळी होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याला आधार भक्कम होता. राजा निवडून येत असे आणि निवडणुकीपूर्वी त्याला उमरावांच्या अटी मान्य कराव्या लागत. संसदेतील एकाही सदस्याने आक्षेप घेतला तर अख्खे अधिवेशन निष्फळ ठरवणारा नकाराधिकार १६५२पासून प्रत्यक्ष वापरला जाऊ लागला होता. कर मंजूर होत नसत, आणि कर नाही म्हणून सैन्य नाही, अशी अवस्था अठराव्या शतकात आली होती. याला वॉर्सामधील तादेउश कोझोन आणि व्वादिस्वाफ स्मोलेन्स्की यांनी उत्तर दिले. शेवटचा राजा स्तानिस्वाफ आउगुस्त पोन्यातोव्स्की याच्या कारकिर्दीत शिक्षण, व्यापार, शेती आणि राज्यकारभार सुधारू लागला होता, आणि रोगी बरा होऊ लागला असतानाच त्याचा गळा दाबला गेला, असे त्यांच्या लेखनाचे सार सांगता येईल.

माझ्या मते या दोन्ही पक्षांनी मांडलेली तथ्ये खरी आहेत. परंतु त्यांना जोडणारा दुवा पुढे आणल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तो दुवा असा, की अठराव्या शतकातील पोलिश बेबंदशाही ही केवळ घरात उगवलेली गोष्ट राहिली नव्हती, तर तिला परकीय हमी मिळालेली होती. पोलंडमधील निवडणुकीची पद्धत आणि नकाराधिकार अबाधित राहावा, असे रशिया आणि प्रशिया यांनी १७६४ साली करारानेच ठरवून घेतले. १७६७ साली रशियाचा राजदूत रेपनिन याने विरोध करणाऱ्या सेनेट सदस्यांना, त्यांत क्राकुफचा बिशपही होता, वॉर्सात अटक करवून थेट रशियात पाठवले. पुढच्याच वर्षी रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने पोलंडच्या जुन्या व्यवस्थेचे ‘संरक्षण’ करण्याचा अधिकार तहात लिहून घेतला. म्हणजे जी व्यवस्था पोलंडला आतून पोखरत होती, ती बदलू नये यासाठी शेजारी फौजा घेऊन उभे होते. बोब्झिन्स्की यांच्या मांडणीत या गोष्टीला पुरेसे वजन मिळालेले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परंतु एवढ्यावर थांबले तर आपण उमरावांना फार स्वस्तात सोडून देऊ. ३ मे १७९१ रोजी वॉर्साच्या संसदेने नवी राज्यघटना संमत केली, नकाराधिकार रद्द केला, राजपद वंशपरंपरेने ठरवले, नगरवासीयांना हक्क दिले. हे सर्व उलथून टाकण्यासाठी ज्या बड्या पोलिश सरदारांनी कट रचला, त्यांत श्चेन्स्नी पोतोत्स्की, ब्रानित्स्की आणि झेवुस्की ही घराण्यांनी थोर मानली जाणारी माणसे होती. त्यांचा जाहीरनामा एप्रिल १७९२मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे तयार झाला आणि नंतर पोलंडच्या सरहद्दीवरील तार्गोवित्सा या गावातून निघाल्याचे दाखवण्यात आले. चारच दिवसांनी रशियाची फौज आत शिरली, आणि जुलैमध्ये खुद्द राजाही कटवाल्यांना जाऊन मिळाला. त्यांना फाळणी हवी होती असे नव्हे. त्यांना आपले जुने ‘स्वातंत्र्य’ परत हवे होते, आणि त्यासाठी परकी सैन्य बोलावण्यात काही गैर आहे असे त्यांना वाटले नाही. पोलंडमध्ये आजही एखाद्यावर देशद्रोहाचा आरोप करताना ‘तार्गोवित्सा’ हे नाव घेतले जाते, यावरून ती जखम किती खोल गेली आहे ते कळावे.

हा दोष मान्य करण्याविषयी पोलिश समाजात पूर्वीपासून अस्वस्थता आहे. १७७३ साली पहिल्या फाळणीला मंजुरी देणाऱ्या संसदेत तादेउश रेयतान हा सदस्य दारात आडवा पडला होता. तो प्रसंग यान मातेय्को या चित्रकाराने १८६६ साली भव्य चित्रात रंगवला, आणि त्यात लाच घेतलेले सरदारही ओळखू येतील असे दाखवले. पॅरिसच्या प्रदर्शनात त्या चित्राला पदक मिळाले. त्याच वेळी परक्यांसमोर देशाची अब्रू काढल्याबद्दल मातेय्कोवर स्वकीयांनीच टीका केली. ते चित्र तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाने विकत घेतले, आणि पोलंड स्वतंत्र झाल्यावर ते परत आणण्यात आले. ज्या चित्राला एकदा देशाची बदनामी म्हटले गेले, ते आता वॉर्साच्या राजवाड्यात सन्मानाने लावलेले आहे.

प्रश्न : परकी सत्तेने कायदा, रेल्वे आणि शिक्षण आणले, असेही काही लेखक म्हणतात. निदान ऑस्ट्रियाच्या अमलाखालील पोलिश तरी सुखी होते काय?

उत्तर : तीन सत्तांचा अंमल तीन प्रकारचा होता, आणि प्रत्येकाचे स्वरूप काळानुसार बदलत गेले. रशियाच्या भागात १८६३च्या उठावानंतर शाळांतून आणि कचेऱ्यांतून पोलिश भाषा हद्दपार करण्यात आली. त्याच भागात रशियाच्या विस्तीर्ण बाजारपेठेमुळे लोड्झ हे लहानसे गाव कापडगिरण्यांचे मोठे शहर झाले, हेही खरे आहे. प्रशियाच्या भागात शेती आणि सहकारी पतसंस्था सर्वांत पुढारलेल्या होत्या, पण पोलिशांची जमीन जर्मन वसाहतकऱ्यांना मिळावी यासाठी १८८६ साली सरकारने खास आयोग नेमला, आणि १९०१ साली व्झेश्न्या येथे धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मन भाषेत उत्तरे द्यायला नकार देणाऱ्या शाळकरी मुलांना छड्या मारण्यात आल्या. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गालित्सिया प्रांताला मात्र १८६०च्या दशकापासून स्वायत्तता मिळत गेली. क्राकुफ आणि ल्वुव येथील विद्यापीठांत पोलिश भाषेतून शिकवले जाऊ लागले, आणि काझिमिएश बादेनी हा पोलिश उमराव १८९५ साली व्हिएन्नामध्ये पंतप्रधानपदापर्यंत पोहोचला. मात्र हाच गालित्सिया तिन्ही भागांत सर्वांत गरीब होता, आणि तेथून लाखो शेतकरी पोटासाठी अमेरिकेला गेले.

तेव्हा ‘पोलिश सुखी होते काय’ या प्रश्नाआधी, कोणते पोलिश, हे विचारले पाहिजे. जुन्या राज्यात मतदानाचा आणि बोलण्याचा हक्क उमराव वर्गाला होता, आणि तो वर्ग लोकसंख्येत आठ ते दहा टक्क्यांच्या आसपास होता. उरलेल्यांत बहुसंख्य शेतकरी होते. ते जमिनीला बांधलेले होते आणि आठवड्यातील कित्येक दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबत होते. त्यांच्या दृष्टीने १७९५ साली फार काही गमावले गेले नाही. फेब्रुवारी १८४६मध्ये पोलिश उमराव ऑस्ट्रियाविरुद्ध उठावाच्या तयारीत असताना तार्नुफच्या परिसरातील शेतकरी उमरावांवरच उलटले. त्यांच्या नेत्यांपैकी याकुब शेला याचे नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. सुमारे १,००० उमराव आणि त्यांच्या पदरची माणसे मारली गेली, शेकडो वाडे लुटले गेले. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना कितपत चिथावले याविषयी मतभेद आहेत. परंतु चिथावणीला एवढा प्रतिसाद का मिळाला, याचे उत्तर वेठीत आहे. दोनच वर्षांनी, १८४८ साली, ती वेठ सम्राटाच्या सरकारने रद्द केली, आणि श्रेय सम्राटाला मिळाले.

याच तार्नुफच्या परिसरात १८७४ साली जन्मलेले विन्सेंती वितोस हे शेतकऱ्यांचे पुढारी पुढे तीन वेळा स्वतंत्र पोलंडचे पंतप्रधान झाले. त्यांच्या लहानपणी खेड्यातील वडीलधारी माणसे पोलंडचे नाव निघाले की धास्तावत असत, कारण पोलंड परतला तर जमीनदार आणि वेठही परततील, अशी त्यांची समजूत होती. जुलै १९२०मध्ये सोव्हिएत रशियाची लाल सेना वॉर्साच्या दिशेने येत असताना याच वितोस यांना सरकारच्या प्रमुखपदी बसवण्यात आले आणि त्याच महिन्यात संसदेने जमीनसुधारणेचा कायदा संमत केला. शेतकरी सैन्यात आले आणि लढले. १८४६चे शेतकरी आणि १९२०चे शेतकरी यांच्यात जो फरक पडला, तो शाळा, सहकारी संस्था, शेतकऱ्यांची वृत्तपत्रे आणि पक्ष यांनी पाडला. परकी सत्तेच्या हिशेबात रेल्वेच्या मैलांपेक्षा मला हा बदल अधिक मोलाचा वाटतो, आणि तो घडवला पोलिशांनीच.

प्रश्न : १८३०, १८६३, १९४४ असे वारंवार अयशस्वी उठाव करून माणसे गमावणे हे शौर्य म्हणावे की अविचार?

उत्तर : या तिन्ही उठावांना एका मापाने मोजू नये. १८६३चा उठाव सैनिकी दृष्ट्या निराशेचाच होता, आणि त्याची किंमत फाशी, सैबेरिया आणि जप्त झालेल्या मालमत्ता या रूपाने चुकवावी लागली. मात्र उठाववाल्यांनी पहिल्याच दिवशी, २२ जानेवारीला, कसणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीचा मालक जाहीर केले, आणि शेतकरी आपल्या बाजूला ठेवण्यासाठी झारला १८६४ साली तेच करावे लागले. पराभूत उठावातून हा लाभ झाला. दुसरीकडे, प्रशियाच्या अमलाखालील पॉझ्नान शहरात कारोल मार्चिन्कोव्स्की या डॉक्टरने १८४१ साली गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी संस्था काढली आणि त्या संस्थेने डॉक्टर, वकील, अभियंते तयार केले. हा मार्चिन्कोव्स्की स्वतः १८३०च्या उठावात उतरलेला होता. शस्त्र उचलणारे आणि संस्था उभारणारे हे दोन कायमचे विरोधी पंथ होते, अशी जी समजूत आहे, ती त्याच्यासारख्यांच्या आयुष्याकडे पाहिले की टिकत नाही.

१९४४चा जर्मन ताब्याविरुद्धचा वॉर्साचा उठाव हा अधिक कठीण विषय आहे. १ ऑगस्टला सुरू झालेला हा लढा ६३ दिवस चालला. दीड ते दोन लाख नागरिक मेले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकट्या वोला भागात जर्मन तुकड्यांनी घराघरांतून माणसे बाहेर काढून हजारोंनी मारली. उठाव संपल्यावर उरलेले शहर जर्मनांनी पद्धतशीरपणे पाडले. सोव्हिएत सैन्य नदीपलीकडे येऊन पोहोचले होते, पण मदत नगण्य मिळाली, आणि दोस्तांच्या विमानांना सोव्हिएत तळांवर उतरू देण्यास स्टालिनने दीर्घकाळ नकार दिला. आदेश देणाऱ्या सेनापतींवर परदेशातील पोलिश सैन्याचे सेनानी व्वादिस्वाफ आंदेर्स यांनीच अत्यंत कठोर टीका केली होती, म्हणजे ही टीका देशद्रोह्यांची नव्हती. परंतु युद्धानंतर कम्युनिस्ट सरकारने हीच टीका हाती घेऊन उठाव करणाऱ्या भूमिगत सेनेच्या सैनिकांना तुरुंगात टाकले, आणि उठावाचे मोठे स्मारक वॉर्सात उभे राहायला १९८९ उजाडले. त्यामुळे उठावाच्या निर्णयावर शंका घेणारा माणूस त्या राजवटीची भाषा बोलतो, असा संशय अनेक पोलिशांच्या मनात अजूनही येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही लढणाऱ्यांचे धैर्य आणि आदेश देणाऱ्यांचा अंदाज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. धैर्याविषयी माझ्या मनात आदराशिवाय काही नाही. सोव्हिएत सैन्य लवकरच शहरात येईल, हा अंदाज मात्र चुकला, आणि त्याची किंमत ज्यांना कोणी विचारले नव्हते त्या नागरिकांनी मोजली.

प्रश्न : कोपर्निकस पोलिश होता की जर्मन?

उत्तर : त्याचा जन्म १४७३ साली तोरुन्य येथे झाला. हे शहर तेव्हा पोलंडच्या राजाच्या अधिपत्याखाली होते. त्याच्या घरची भाषा बहुधा जर्मन होती, ग्रंथलेखन त्याने लॅटिनमध्ये केले, शिक्षण क्राकुफ आणि इटलीत झाले, आणि ट्यूटॉनिक सरदार या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाशी झालेल्या युद्धात, १५२०-२१च्या सुमारास, ओल्श्तिन किल्ल्याच्या बचावाची व्यवस्था त्याने पोलिश राजाच्या बाजूने पाहिली. एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रीयत्वाची कल्पना त्याच्यावर लादू नये, एवढेच मी म्हणेन.

प्रश्न : ज्या देशाने नाझींचा एवढा छळ सोसला, त्याच्यावर ज्यूंच्या हत्येचा आरोप करणे अन्यायाचे नाही काय?

उत्तर : आपल्या प्रश्नात जी कळकळ आहे तिला पूर्ण आधार आहे. युद्धात पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मेले, आणि त्यांपैकी निम्मे ज्यू होते. जर्मनांनी पोलंडच्या भूमीवर उभारलेल्या मृत्युछावण्यांना कोणी ‘पोलिश छावण्या’ म्हटले तर पोलिश संतापतात, आणि तो संताप योग्य आहे. तेथे जर्मनांच्या हाताखाली राज्य चालवणारे पोलिश सरकारच नव्हते. ज्यूंना लपवणाऱ्याला देहांताची शिक्षा होती, तरीही ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्राएलने गौरवलेल्या लोकांत सर्वाधिक संख्या पोलिशांची, ७,०००हून अधिक आहे.

मात्र येदवाब्ने या गावात १० जुलै १९४१ रोजी जे घडले तेही याच इतिहासात आहे. तेथील ज्यूंना त्यांच्या पोलिश शेजाऱ्यांनी मारले आणि अनेकांना कोठारात कोंडून जाळले. अनेक वर्षे तेथील स्मारकावर हे कृत्य जर्मन पोलिसांचे असल्याचे लिहिलेले होते. २००० साली यान तोमाश ग्रोस यांचे पुस्तक आले आणि देशभर वाद पेटला. त्यानंतर पोलंडच्याच राष्ट्रीय स्मृती संस्थेने चौकशी केली. जर्मनांची चिथावणी होती, पण प्रत्यक्ष हत्या करणारे स्थानिक पोलिश होते आणि बळींची संख्या किमान ३४० होती, असा तिचा निष्कर्ष निघाला. २००१ साली राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्निएव्स्की यांनी तेथे जाऊन क्षमा मागितली. गावातील पुष्कळ लोक त्या कार्यक्रमाला आले नाहीत. २०१८ साली पोलिश राष्ट्रावर नाझी गुन्ह्यांची जबाबदारी टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा संमत झाला, आणि जगभरातून टीका झाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये कैदेची तरतूद काढून टाकण्यात आली. त्या कायद्यामागे चुकीच्या शब्दप्रयोगांबद्दलचा खरा राग होता हे मी नाकारत नाही, पण तुरुंगाची भीती घालून इतिहासाची चर्चा निर्मळ होत नाही. येदवाब्नेची चौकशी पोलिश सरकारी संस्थेने, पोलिश कायद्याने आणि पोलिश पुराव्यांनिशी केली. आरोप परक्यांनी लादला, असे म्हणायला त्यानंतर जागा उरत नाही, आणि ज्या देशाने ती चौकशी केली त्याची प्रतिष्ठा तिच्यामुळे वाढलीच आहे, असे मला वाटते.

प्रश्न : एवढे पारतंत्र्य भोगलेल्या पोलिशांनी स्वतः युक्रेनियन लोकांवर सत्ता गाजवली, हे खरे आहे काय?

उत्तर : खरे आहे. १९१८-१९मध्ये ल्वुव शहरासाठी पोलिश आणि युक्रेनियन यांच्यात युद्ध झाले आणि तो प्रदेश पोलंडने घेतला. १९३०च्या शरद ऋतूत पोलिस आणि लष्कराने पूर्व गालित्सियातील युक्रेनियन गावांवर छापे घालून मारझोड केली, वाचनालये आणि सहकारी दुकाने उद्ध्वस्त केली. १९३८ साली खेउम परिसरात शंभराहून अधिक ऑर्थोडॉक्स चर्च पाडण्यात आली. प्रशियाने व्झेश्न्यात जे केले त्याची आठवण ताजी असताना हे घडावे, याचे दुःख अनेक पोलिशांनाही झाले होते. पुढे १९४३ साली व्होलिन प्रांतात युक्रेनियन बंडखोर सेनेने पोलिश गावांत जो संहार केला, त्यात आणि त्याच्या पाठोपाठ पूर्व गालित्सियात मिळून सुमारे एक लाख पोलिश मेले असावेत, असा अंदाज आहे. आधीचा जुलूम या संहाराचे समर्थन करू शकत नाही, आणि संहारामुळे आधीचा जुलूम पुसलाही जात नाही. बायका-मुलांसह गावेच्या गावे मारली गेली. पोलंडच्या संसदेने २०१६ साली याला वंशसंहार म्हटले, तर युक्रेनमध्ये त्या शब्दाला विरोध आहे.

या वादात मला सर्वांत धैर्याची वाटलेली भूमिका पॅरिसजवळून निघणाऱ्या एका पोलिश मासिकाची आहे. येझी गेद्रोय्त्स हे त्याचे संपादक होते. युद्धानंतर ल्वुव आणि विल्नो ही शहरे सोव्हिएत संघाकडे गेली होती, आणि देशोधडीला लागलेल्या पोलिशांचे मन त्यांतच गुंतलेले होते. अशा वाचकवर्गासमोर गेद्रोय्त्स यांच्या मासिकाने ही शहरे अनुक्रमे युक्रेन आणि लिथुआनिया यांची म्हणून मान्य करावीत, असे मांडले आणि अनेक वाचकांचा रोष पत्करला. पुढे पोलंडचे परराष्ट्र धोरण त्याच दिशेने गेले. १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनने स्वातंत्र्यासाठी कौल दिला, आणि दुसऱ्याच दिवशी पोलंडने, इतर बहुतेक देशांच्या आधी, त्या स्वतंत्र राज्याला मान्यता दिली.